आईला द्या

रहिमतपूर, रविवार, ७ फेब्रुवारी १९९३, संध्याकाळ

उद्या सकाळी गावातलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज बंद. ऑपरेटर जाणार, नंबरही बदलणार. हे खूश आहेत. "आता आकडे फिरवले की थेट मुंबई!"

आणि माझी वंदू? दीड वर्षापूर्वी मनानं लग्न करून गेली, ह्यांनी तिचं नाव टाकलं. तिची पत्रं हे न फोडताच चुलीत घालतात, त्यामुळे पत्ताही माझ्याकडे नाही. हे दुकानात असताना बूथवरून तिचा मिनिटभर फोन येतो, त्यात पत्ता विचारायचं राहूनच जातं; पण तेवढाच काय तो आधार. गेल्या वेळी नेमके हे दारात आले आणि मी "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. पोटच्या पोरीला राँग नंबर! महिना झाला, तिचा फोन नाही.

आज देवळाचं निमित्त काढून एक्स्चेंजमध्ये गेले. ऑपरेटर सुमनताईंना म्हटलं, तिला नवा नंबर कळवाल? त्यांनी कानावरचा हेडफोन उतरवला. मग म्हणाल्या, "आवं वहिनी, उद्या मी कुठली? आन् पोरीनं कवा नंबर सांगितलाच न्हाई. 'मावशी, आईला द्या' एवढंच म्हणती. आवाज वळखून मी जोडती."

म्हणजे जुना नंबर तरी तिला ठाऊक आहे का? घरी फोन आला तोच ती गेल्यावर; मी कधी सांगितला होता?

तेव्हापासून फोनपाशी बसलेय. हे समोर पेपर वाचतायत. असू देत. आज वाजला तर ह्यांच्यादेखत तिचं नाव घेऊन बोलेन.

उद्यापासून कुठंही थेट लागेल म्हणे. वंदू, मी कुठला नंबर फिरवू गं?