सत्ताविसावं पान

प्रिय धाकटे,

तुझा अहवाल मिळाला. शब्दकोश शेजारी ठेवून तीनदा वाचला. टेकडीवरची माणसं आपल्या गल्लीतल्यांपेक्षा चौदा वर्षं जास्त जगतात, हे तू आकड्यांनी दाखवलंस. आम्हाला ते आकड्यांवाचून ठाऊक होतं, पण कुणीतरी लिहिलं याचं बरं वाटलं. सत्ताविसाव्या पानापर्यंत.

तिथं म्हटलंय, कारखान्याच्या दवाखान्यातल्या नोंदींनुसार इथले बहुतेक पुरुष विडीपायी गेले. वाचून शिसारी आली. अहवाल मिटला, हात धुतले, तरी जेवण गेलं नाही. तुझे बाबा आणि विडी? बसमध्ये शेजारच्यानं पेटवली की ते उतरून उरलेला रस्ता चालायचे, तुलाही चालवायचे, आणि तू कुरकुरायचीस. काचेच्या कारखान्यात बावीस वर्षं वाळू चाळली त्यांनी. रुमाल भिजवला की बादलीच्या तळाशी राखाडी गाळ बसायचा. शेवटी शेवटी श्वास पुरावा म्हणून झोपताना पाठीला तीन उशा लागायच्या, तरी म्हणायचे, "वय झालं गं आता." सेहेचाळिसाव्या वर्षी.

शेजारच्या शिवणवालीला ते पान वाचून दाखवलं. तिचाही नवरा चाळणीवरच होता. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मेल्यावर व्यसन लावलं की गं तुझ्या लेकीनं त्यांना." मी अहवाल उचलून घरी आले. बोलायला तोंड कुठं होतं?

कारण ते खोटं मूळचं तुझं नाही. बाबा गेले त्याच आठवड्यात कारखान्याचा साहेब दवाखान्याच्या नोंदीचा कागद घेऊन आला होता. सगळं भरलेलंच होतं: विडी, रोज एक बंडल. म्हणाला, "वहिनी, सही करा, मुलीच्या शाळेचं कारखाना बघेल." बाकीच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांच्या कागदांवर न वाचता अंगठे लावले. मी वाचलं, आणि मग सही केली. त्या सहीवर तू शिकलीस. आणि शिकून तोच कागद खरा मानलास. साहेबाची किळस येते, पण त्याहून जास्त माझ्या या हाताची येते.

सोमवारी अहवाल समितीपुढे जाणार म्हणालीस, म्हणून हे आजच लिहितेय. सोबत माझा जबाब आहे, शिवणवालीचा आणि आणखी चौघींचाही. ते पान बदल. तुला खाली बघावं लागलं, तरी बदल. खोट्या कागदावर सही कुणी केली विचारलं, तर 'एक महिला' असं लिहू नकोस. माझं नाव घाल, आणि पुढं लिही, संशोधिकेची आई.

तुझीच, आणि अजून त्यांचीही,
आई