शिक्का क्रमांक ४७

४ जानेवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी नियमित. निवृत्तीला आठ महिने झाले, आता शिस्त हवी. लेकीची, श्रुतीची, पूलची (बिलियर्ड्सच्या टेबलावरचा तो खेळ) स्पर्धा अठराला. जिंकली तर राज्याच्या संघाच्या निवड-शिबिराला जाईल. तिचा क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, मी बनवणार. एकतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली, टर्बाइनचे बोल्ट पास केले. एका काठीचं काय एवढं!

५ जानेवारी
क्यूच्या टोकाला, चामड्याच्या टिपेखाली पांढरी टोपी असते. तिला फेरूल म्हणतात. आजच कळलं. क्लबात टेबलं सांभाळणारा मार्कर दत्तू पंचवीस वर्षं क्यू दुरुस्त करतोय. म्हणाला, साहेब, चूडी के चक्कर में मत पडो, आटे पाडले की आतलं लाकूड कमजोर होतं. नुसतं बसवा अन् चिकटवा. मी हसलो. चिकटवायला ते काय पोस्टाचं पाकीट आहे? आट्यांशिवाय मी आयुष्यात काही पास केलेलं नाही.

८ जानेवारी
मंडीदीपच्या औद्योगिक वसाहतीतून फेरूलसाठी फायबरचा पांढरा रॉड आणला. छोटा लेथ बाल्कनीत बसवला. बायकोच्या, मंजूषाच्या, कुंड्या तात्पुरत्या जिन्यात. तात्पुरत्या म्हणजे किती दिवस, असं तिने चारदा विचारलं. आटे पाडताना लाकूड तुटलं. लाकूड खराब.

९ जानेवारी
हेही लाकूड खराब.

११ जानेवारी
लाकडाच्या पुरवठादाराचं नाव काळ्या यादीत टाकलं.

१३ जानेवारी, दुपारी ३
जमलं! आटे इतके सुरेख की डोळ्यांत पाणी आलं. फेरूल फिरवून घट्ट बसवलं, गेज लावून तपासलं, आणि नेहमीप्रमाणे वर माझा कारखान्यातला पोलादी शिक्का ठोकला. ४७. हलक्या हाताने, दोनच ठोके. पास केलेला नग शिक्क्याविना मी बाहेर जाऊ देत नाही. श्रुतीने विचारलं, बाबा, यावर हातोडी चालते का? म्हटलं, टर्बाइनवर चालते.

१४ जानेवारी
दत्तूला तिळगूळ दिला, क्यू दाखवला. त्याने ४७ वरून नख फिरवलं, तिळगूळ तोंडात टाकला आणि गोंदाची बाटली भरून ठेवली. दुसऱ्या कुणाची दुरुस्ती असेल.

१८ जानेवारी, दुपारी १२.४०
पहिल्याच सामन्यात, पहिल्याच फटक्याला फेरूल टिपेसकट उडालं आणि पंचांच्या चहात पडलं. हॉलमधला एसी फार थंड होता. शिवाय श्रुतीने गरजेपेक्षा जोरात मारलं. तिने फेरूल चहातून काढलं, पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं. उरलेला सामना क्लबाच्या वाकड्या क्यूने कसाबसा जिंकली.

रात्री ८
दत्तूने मधल्या वेळात फुटका भाग कापून नवं फेरूल बसवलं. आटे नाहीत, नुसता गोंद. वीस मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो. श्रुती फायनल जिंकली! शिबिराला जाणार. काठी माझीच होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

१९ जानेवारी
रॉडच्या पुरवठादाराला कडक पत्र लिहायचं म्हणून तुटलेलं फेरूल भिंगाखाली घेतलं. तडा माझ्या ४७ मधल्या सातच्या शेपटीतून निघालाय आणि सरळ आट्यांत उतरलाय. भिंग पुसून पुन्हा पाहिलं. तिथूनच निघालाय. पत्र फाडलं. पोरीचं शिबिर माझ्या दोन ठोक्यांनी जात होतं. फार वाईट वाटलं. एकतीस वर्षांत खोटा अहवाल लिहिला नाही, तो आज कसा लिहू? नग क्रमांक एक: नापास. दोष: इन्स्पेक्टर.

२३ जानेवारी
श्रुती आज शिबिराला निघाली. क्यू पिशवीत घालण्याआधी माझ्यापुढे धरला. म्हणाली, बाबा, पास करून द्या, फक्त शिक्का नको. मी दत्तूच्या फेरूलवरून बोट फिरवलं. कुठे काही लागलं नाही. पास म्हणालो. तरी हात सवयीने हातोडीकडे गेलाच. हातोडी जागेवर नव्हती. तिथे जिन्यातून परत आलेली मंजूषाची तुळस होती.