अमेयच्या त्रेचाळीस गेमची पेंडन्सी

राइट टाउन, जबलपूर
१७ फेब्रुवारी

तीर्थरूप विनताताई,

प्रल्हादचा नमस्कार. हा नमस्कार मी उभ्यानेच केला असं समज, कारण एकदा वाकलो की उठायला सरोजिनीला हाक मारावी लागते, आणि ती सध्या कामात आहे (कोणत्या, ते पुढे येईलच). तुझा उजवा गुडघा कसा आहे? डावा त्याची बरोबरी करायला तर नाही ना लागला? भाऊजींचं कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? मी फोनच केला असता, पण भाऊजींना ऐकू यावं म्हणून तू फोन स्पीकरवर टाकतेस, भाऊजी अर्धं ऐकतात, उरलेलं अर्धं मनाने भरतात आणि सगळं फॅमिली ग्रुपवर टाकून मोकळे होतात. मागे मला साधी सर्दी झाली होती, तर पुण्याहून अमेयने विचारलं, "बाबा, ऑक्सिजन लागला का?" म्हणून हे पत्र. ते तू एकटीने वाचावंस, आणि शक्यतो भाऊजी दुपारचे पडलेले असताना.

तर जानेवारीत अमेय आला होता, श्रद्धाला आणि मैत्रेयीला घेऊन. मैत्रेयी आता अकरा महिन्यांची झाली. गोड आहे, पण दिसेल ती वायर तोंडात घालते. म्हणून अमेयने त्याचं व्हिडिओ गेमचं यंत्र आणि गेमचं एक मोठं खोकं ती मोठी होईपर्यंत आमच्याकडे आणून ठेवलं. ते गेल्यावर वाळवी लागली का बघावं म्हणून मी खोकं उघडलं (आमच्याकडची वाळवी पुस्तकं सोडते, पुठ्ठा सोडत नाही). आत त्रेचाळीस गेम. त्यातल्या बेचाळीस डब्यांवरचं प्लास्टिक जसंच्या तसं! नखसुद्धा लागलेलं नाही. मी लगेच फोन लावला. म्हटलं, "काहून रे, घेतले तर खेळत काहून नाहीस?" तो म्हणाला, "बाबा, सेल लागतो तेव्हा घेऊन ठेवतो. खेळू कधीतरी."

ताई, 'कधीतरी' या शब्दाचं आणि माझं कधी जमलं नाही, हे तुला माहीत आहे. टेलिफोन खात्यात फॉल्ट सेक्शनला आलो तेव्हा सहाशे तक्रारी पडून होत्या, आणि आधीच्या साहेबांनी प्रत्येकीवर 'यथावकाश' लिहून सही केली होती. चौदा दिवसांत त्या निकाली काढल्या मी. पाटनकडे जाणारी एक लाइन तर एका घारीच्या घरट्यामुळे बंद होती, तिथे मी स्वतः शिडी धरून उभा होतो (वर चढणाऱ्याला घारीने टोचलं, पण तो वेगळा विषय). अशा माणसाच्या घरात त्रेचाळीस गेम पेंडिंग! मी अमेयला म्हटलं, तुला वेळ नाही ना, मी काढतो पेंडन्सी. तो हसला. मी हसलो नाही.

सुरुवात मोटारींच्या शर्यतीपासून केली, कारण गाडी मला चालवता येते. बारा गाड्या सुटल्या. माझी सुटली नाही, कारण मी आरसे बघून राहिलो होतो. मग निघालो, डावीकडून, बेताने. आपल्या तिलवाऱ्याच्या पुलावरून नेतो तशीच एका पुलावरून नेली. खालची नदी छान काढली होती, म्हणून जरा थांबलो. बाकीचे अकरा दोन फेऱ्या मारून मागून आले आणि मला धडकून गेले. एकानेही हॉर्न दिला नाही. शेवटी पडद्यावर माझा नंबर आला बारावा, आणि खाली इंग्रजीत लिहून आलं की तुम्ही एकही अपघात केला नाही. हे मी सरोजिनीला दोनदा वाचून दाखवलं.

दुसरा गेम तलवारीचा. या रिमोटला दोन दांड्या असतात (अमेय कंट्रोलर म्हणतो, पण घरात आधीच तीन रिमोट आहेत, चौथ्याला वेगळं नाव काहून द्यायचं?). एका दांडीने माणूस चालतो, दुसरीने मान वळते. मला एका वेळी एकच जमे. त्यामुळे माझा योद्धा तीन दिवस एका खोलीत, छताकडे तोंड करून, भिंतीला धडका मारत होता. सरोजिनी मागे बसून मटार सोलत होती. (पाटनच्या बाजूचा मटार यंदा इतका आला की पोत्याने घ्यावा लागला.) तिसऱ्या दिवशी ती शेंगेतून मान वर न करता म्हणाली, "अहो, त्या गालिच्याखाली दार आहे." मी म्हटलं, तुला काय कळतं? ती म्हणाली, "तीन दिवस झाले, गालिचा एका कोपऱ्याने उचललेला आहे. माझ्या घरात असता तर मी पहिल्या दिवशी सरळ केला असता."

दार निघालं. त्या दिवसापासून रिमोट तिच्याकडे गेला. शिवणाच्या मशिनवर चाळीस वर्षं पाय एक आणि हात दुसरं करत आलेली बाई ती. दोन दांड्या तिला काय जड? मी चष्मा लावून पडद्यावरचं इंग्रजी मराठीत वाचून दाखवतो आणि ती मारते. तलवारीचा गेम आम्ही नऊ दिवसांत निकाली काढला. फक्त हरणं मारायला ती तयार होत नाही. एका गेममध्ये हरणाच्या कातड्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं, तर तिने तो परत डब्यात घातला आणि म्हणाली, "हा तुमच्या यथावकाशात टाका." ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी त्या शब्दाखाली सही केली.

मध्येच एक प्रकार झाला. समोरचे श्यामसुंदरजी, सिंचन खात्यातून रिटायर झालेले, मोठे शांत गृहस्थ. एका सकाळी ते हातात छत्री घेऊन धावत आमच्या फाटकात आले. छत्री उलटी धरलेली, मूठ पुढे. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाईसाहब, सब ठीक है? भाभीजी आधे घंटे से चिल्ला रही हैं, मारो, छोड़ना मत! हमें लगा आप पर..." मी त्यांना आत नेलं. सरोजिनी एका तीन डोक्यांच्या प्राण्याशी लढून राहिली होती आणि पदर कमरेला खोचलेला होता. श्यामसुंदरजी पाहत राहिले. पाच मिनिटांनी त्यांनी छत्री खाली ठेवली. दहा मिनिटांनी म्हणाले, "भाभीजी, बीच वाला सिर पहले।" मधलं डोकं आधी छाटलं आणि प्राणी पडला. आता ते रोज चार वाजता चहाला येतात आणि येताना खोव्याची जलेबी आणतात. मासे पकडायचा गेम लागला की मात्र खुर्ची दाराकडे वळवून बसतात. शाकाहारी आहेत.

तर आजवर अकरा गेम पूर्ण, दोन यथावकाश, एकोणतीस बाकी. तू हिशोबाची पक्की, म्हणशील एक कमी पडतो. त्याबद्दल शेवटी लिहितो, किरकोळ आहे.

बाकी सर्व ठीक. सरोजिनीची साखर काबूत आहे (जलेबी मी आणि श्यामसुंदरजी खातो). थंडी ओसरली. तुझ्याकडच्या संत्र्यांची आठवण येते. भाऊजींना नमस्कार सांग, पण पत्र आल्याचं सांगू नको.

तुझा,
प्रल्हाद

ता. क. १ : तो उरलेला एक गेम. खोक्यात प्लास्टिक फाटलेला एकच डबा होता. त्यात आपण एक गाव वसवायचं असतं. अमेय नऊ वर्षं ते गाव वसवत होता. त्यात नदी, धरण, शाळा, सातशे घरं, सगळं त्याने एकट्याने केलेलं. हे गाव पुरं झालं की मग बाकीचे उघडायचे, म्हणून ते बेचाळीस तसे पडून होते. त्या दिवशी फोन ठेवताना तो एवढंच बोलला होता, "बाबा, काहीही खेळा, फक्त त्या गावाला हात लावू नका." जानेवारीच्या अखेरीस यंत्र म्हणालं, जागा संपली, काहीतरी पुसा. मी खात्याची रीत लावली. सर्वांत जुनी नोंद आधी निकाली काढायची. यंत्राने विचारलं, नक्की का? छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खात्री नसताना कुठे हो म्हटलं नाही, ताई. तिथे म्हटलं. बटण मीच दाबलं. गाव गेलं. दुकानात यंत्र नेलं, त्या माणसाने पाहिलं आणि म्हणाला, "अंकल जी, अब तो गया।"

मी रोज संध्याकाळी अमेयला सांगायला फोन करतो. तो "बोला बाबा" म्हणतो, आणि मग माझ्याने होत नाही. मग मी भलतंच काहीतरी विचारतो. मैत्रेयीला दात आले का, तुझ्या ऑफिसात खिडकी आहे का, असं. येत्या सोमवारी तो ऑफिसच्या कामाने नागपूरला येतो आहे आणि चार दिवस तुझ्याकडे उतरणार आहे. लहानपणापासून तो तुझ्यासमोर आवाज चढवत नाही. तेव्हा तेवढं तू त्याला सांगशील का? जेवण झाल्यावर सांग. आणि बाबांना वाईट वाटतं आहे, असंही सांग.

ता. क. २ : ताई, मी सरोजिनी. नमस्कार. पाकीट चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. तुम्ही अमेयला काहीएक सांगू नका. गाव गेलं त्याच संध्याकाळी मी त्याला सांगितलं होतं.  तो म्हणाला, "आई, ते गाव मला पुरंही करवत नव्हतं आणि सोडवतही नव्हतं. बरं झालं." आणि परवा फोनवर म्हणाला, "मला कळलं आहे हे बाबांना अजून सांगू नकोस. त्यांनी मला इतके फोन कधीच केले नव्हते. काल वीस मिनिटं बोलले. बारावीला मी तुला फार ओरडायचो का, असं विचारत होते." म्हणून निदान दिवाळीपर्यंत हे असंच चालू द्या.

आणखी एक. रिमोट माझ्या हातात होता. हे वाचून दाखवत होते, आणि "थांब, थांब" म्हणत होते. बटण मी दाबलं. अमेयलाही मी तसंच सांगितलं आहे. लग्नाला अडतीस वर्षं झाली, ताई. ह्यांनी माझ्यासाठी खोटं लिहिलेलं हे पहिलंच पत्र आहे, म्हणून फाडलं नाही. पाठवून राहिले.