एकशेऐंशी जागांचं विमान

माधवगंज, लष्कर, ग्वाल्हेर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मधू,

आशीर्वाद. इकडे थंडी पडायला लागली. तुझी आई गच्चीत उन्हाला बसून मटार सोलते आहे. निम्मे दाणे परातीबाहेर उडतात, त्यामुळे खारी खूश आहेत.

पत्र बघून तू चकित होशील. गेल्या रविवारी तू फोनवर विचारलंस, "बाबा, रागावलात ना?" मी "नाही" म्हटलं आणि फोन आईकडे दिला. उत्तर फार तोकडं झालं. मोठं उत्तर मला फोनवर जमत नाही. जन्मभर कॉलेजात फळ्यावर फिजिक्स शिकवलं. हातात खडू नाहीतर पेन असल्याशिवाय माझा विचार पुढे सरकत नाही.

बातमी आली त्या सकाळी खालच्या उषाताई वर्तमानपत्र घेऊन वर आल्या. "भालचंद्रराव, मधूच्या कंपनीने आपलं बंगळुरूचं विमान बंद केलं हो! मार्चनंतर नाही. तिला माहीत नव्हतं का?"

मी म्हटलं, "माहीत होतं. विमानं निवडणाऱ्या टीममध्ये तीच तर आहे."

बाई चहा न घेताच उतरल्या.

मला मात्र तेव्हापासून प्रश्नच प्रश्न पडलेत. भाड्याची जुनी लहान विमानं तुम्ही परत करणार, इथवर कळलं. त्यांच्या जागी ब्राझीलचं नवं, एकशेतीस जागांचं घ्यायचं, की एअरबसचं एकशेऐंशीचं, जे तुमच्याकडे आधीच पुष्कळ आहे? मला वाटायचं, जे चांगलं उडतं ते घ्यावं. वाचायला लागल्यावर कळलं की उडतात दोन्ही छान; भांडण उडण्याचं नाहीच.

मग नव्या बाजारात दौलतसिंहकडे गेलो. तुला आठवत असेल, माझा जुना विद्यार्थी. झाशी, शिवपुरी, भिंडला त्याच्या बसगाड्या चालतात. त्याला विचारलं, "तुझ्या सगळ्या गाड्या एकाच कंपनीच्या का रे?"

"सर, एक बार दो कंपनी की ली थीं," तो म्हणाला. "इसका पुर्जा उसमें नहीं लगता, इसका मिस्त्री उसे हाथ नहीं लगाता. एक गाड़ी ठीक खड़ी है, दूसरी के लिए सवारी खड़ी है, और मैं बीच में खड़ा हूँ."

तुमच्याकडे तर याहून कठीण. पायलट एका जातीच्या विमानावर तयार झाला की दुसऱ्या जातीसाठी पुन्हा शिक्षण. शिवाय आज मागणी नोंदवली तर विमान कितीतरी वर्षांनी हातात येणार. रांगेत आधी जागा कोणाला, यावरही कौल फिरतो म्हणतात. खरं का? आणि मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडची हवा तापून विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनही दमतं. अशा वेळी किती माणसं आणि किती सामान खाली ठेवावं लागेल, हेही तुम्ही आधीच मांडता का? हे मला सविस्तर हवं आहे. वर्गात सांगायला मिळालं असतं तर काय मजा आली असती!

एक गोष्ट मात्र मला स्वतःलाच उलगडली, आणि त्या दिवशी फार आनंद झाला. 'स्वस्त' दोन प्रकारचं असतं. मोठं विमान एका जागेमागे स्वस्त, लहान विमान एका फेरीमागे स्वस्त. विमान भरणार असेल तर मोठं जिंकतं, नाहीतर लहान. दौलतसिंहला मी हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "यही तो. बड़ी गाड़ी भिंड से ख़ाली आए तो मैं गाड़ी नहीं बदलता, सर. भिंड का फेरा बंद करता हूँ."

तेव्हा मला आठवलं. गणपतीत तू आली होतीस, तेव्हा नाश्त्याला पोहे खाता खाता विचारलं होतंस, "बाबा, एका शहरासाठी अख्ख्या कंपनीने विमान बदलावं का?" मी नुसताच प्रश्न समजून हसत म्हटलं, "शहराने आधी विमान भरून दाखवावं." तू पोहे तसेच ठेवून उठलीस. ते शहर कुठलं, हे मला दौलतसिंहकडे बसल्यावर कळलं.

आता जे फोनवर सांगता आलं नाही, ते. आईचा उजवा हात थरथरतो, ते तू पाहिलंस. आम्ही म्हटलं, अशक्तपणा आहे. ते पार्किन्सन्स आहे. जुलैत डॉक्टरांनी निदान केलं. चालताना तिची पावलं मधेच अडतात. बंगळुरूपर्यंत दीड दिवस हलत्या आगगाडीत, संडासापर्यंत भिंतीला धरत जाणं तिला आता झेपणार नाही.

तू आलीस तेव्हाच मी सांगणार होतो. आईने अडवलं. "आत्ता नका हं सांगू. कळलं तर ती लहान विमानाकडे झुकेल, नाहीतर झुकू नये म्हणून मुद्दाम उलट जाईल. दोन्हीकडून पोरीचं डोकं खराब. तिला तिचं काम सरळ करू द्या."

तू सरळ केलंस. मी माझ्या परीने सगळे आकडे पुन्हा मांडून पाहिले, एकदा तर बापाच्या लबाडीने ग्वाल्हेरला जास्त प्रवासी दिले. तरीही तुमचंच उत्तर येतं: मोठं विमान घ्या, ग्वाल्हेर सोडा. आईला दाखवलं. ती म्हणाली, "मग रडायचं कशाला? विमान अजून चालू आहे ना?"

म्हणून हे कळल्यावर स्वतःला टोचत बसू नकोस. न कळवण्याचा निर्णय आमचा होता, आणि तो मला अजूनही बरोबर वाटतो. रागाची जागा असलीच तर ती तुझ्याकडे आहे. आमच्यावर काढ, समोर बसवून काढ.

१४ डिसेंबरच्या बंगळुरूच्या विमानाची दोन तिकिटं काढली आहेत. तुझ्या घरात जिने किती चढावे लागतात ते कळव, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घे. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांची चौकशी करून ठेव. आईला तुझं ऑफिसही पाहायचं आहे. मला तुझ्या टीमला चार प्रश्न विचारायचे आहेत, तू लाजलीस तरी विचारणार.

परतीची तिकिटं काढलेली नाहीत. घराच्या किल्ल्या उषाताईंकडे देतो आहे. त्या आता चहा घेतात.

चालेल ना, एवढंच फोनवर सांग. आधी माझ्याशी बोल, मग आईशी.

तुझ्या हिशेबात न मोजलेला प्रवासी,
बाबा