सेरुलेंगच्या आराखड्यातला सातवा रकाना

सेरुलेंग, चावडीमागची परिषदेची खोली,
सोमवार, दुपार

तीर्थरूप मामांच्या चरणी भाचा ओलेबिले याचा दंडवत.

गुरं कशी आहेत? विहिरीला पाणी टिकून आहे का? पांढऱ्या कपाळाची गाय व्यायली असेल एव्हाना. आणि तुमचे गुडघे काय म्हणतात? (आधी गुरं, मग माणूस, हा क्रम तुम्हीच घोटून घेतला आहे, तेव्हा राग मानू नये.) मी इकडे खुशाल आहे. हे पत्र पाण्याच्या टँकरबरोबर तुमच्या गुरांच्या तळावर पाठवतो आहे. गेल्या हिवाळ्यात तुमचा चष्मा बैलाच्या खुराखाली गेला तेव्हापासून माझी पत्रं शेजारच्या तळावरचे मोत्सुमीकाका वाचून दाखवतात, हे मला ठाऊक आहे. (काका, तुम्हालाही नमस्कार. कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी असतो, तो मोठ्याने वाचायचा नाही. मागच्या खेपेला तुम्ही तोही वाचलात आणि मामांनी दोन महिने माझं नाव टाकलं होतं.)

जिल्हा परिषदेत चिकटलेला भाचा दिवसभर करतो तरी काय, असं तुम्ही नेहमी विचारता. तर सध्या मी गावाचा विकास आराखडा करतो आहे. पुढची वीस वर्षं घरं कुठे होणार, शाळा कुठे वाढणार, चराईला किती रान सुटणार, हे सगळं एका नकाशावर रंगवायचं. ऐकायला सोपं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण या आराखड्यावर तीनशे सहा जणांचे डोळे लागले आहेत. ही सगळी तरणी माणसं प्लॉटच्या प्रतीक्षायादीत आहेत आणि आराखड्यात नवे प्लॉट आले नाहीत तर पुढची संधी वीस वर्षांनी. यादीत एकशे चौदाव्या नंबरावर तुमचा भाचा आहे. (मी आज तेहेतीस वर्षांचा आहे, म्हणजे हिशेब तुम्हीच करा.)

पहिली फजिती झाली ती अशी. घरोघर फॉर्म वाटायचे होते आणि त्यातला पहिला प्रश्न माझ्याच डोक्यातून निघाला होता, की तुमच्या कुटुंबाची घरं किती. मामा, आपल्याकडे या प्रश्नाला कोण काय उत्तर देणार, हे मला कळायला नको होतं का? प्रत्येकाने इमानेइतबारे लिहिलं, तीन. एक गावातलं, एक शेतावरचं, एक गुरांच्या तळावरचं. चारशे बारा कुटुंबं आणि बाराशे छत्तीस घरं. हे आकडे मी कौतुकाने तालुक्याला पाठवले. आठवड्याने आमच्या दित्सेले साहेबांचा फोन आला, "अभिनंदन. तुमच्या गावात आठशे घरं रिकामी पडली आहेत. नवा प्लॉट एकही मिळणार नाही."

मग मी शहाणपणा केला. (हा शब्द मोठ्याने वाचला तरी चालेल, मामा हसतील.) नवा फॉर्म छापला, उत्तर एकच द्यायचं, तुमचं खरं घर कोणतं? बाप्यांनी सरसकट लिहिलं, जिथे माझी गुरं आहेत तिथे. बायकांनी लिहिलं, जिथे माझी ज्वारी आहे तिथे. गावात राहणारे म्हणून उरले एक्केचाळीस, म्हणजे शाळेचे मास्तर, दुकानदार, पाद्री आणि आरोग्य केंद्रातली नर्स केनेइल्वे, जी जागा नाही म्हणून औषधांच्या खोक्यांमध्ये पथारी टाकून राहते. साहेब म्हणाले, "एक्केचाळीस माणसांना आरोग्य केंद्र कशाला हवं?" मी केनेइल्वेला ते सांगितलं. ती म्हणाली, "काल एका दिवसात शहात्तर जणांना तपासलं. ते काय भुतं होती?" तिचं हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. तिची बरीच वाक्यं मी उतरवून घेतो.

शेवटी प्रकरण चावडीवर गेलं. आपली चावडी तुम्हाला नवी नाही. ज्याने त्याने आपापली खुर्ची घेऊन यायचं, टोपी काढायची आणि बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, मग तो काही का बोलेना. थेकिसोआजोबा पहिली अख्खी सकाळ दुष्काळात हरवलेल्या त्यांच्या गाढवाबद्दल बोलले आणि ते सगळं मला इतिवृत्तात लिहावं लागलं. (साहेबांनी समासात विचारलंय, गाढवाचा आराखड्याशी संबंध काय? मी लिहिलं, तपास चालू आहे.) दुसऱ्या दिवशी मी नकाशा जमिनीवर पसरला. माझी कल्पना अशी की लोक भोवती उभे राहून बघतील. लोक सरळ वर चढले आणि जो तो आपापल्या आवारावर जाऊन उभा राहिला. शेजारी शेजाऱ्याला म्हणाला, "जरा सरक, तुझा पाय माझ्या कोंबड्यांवर आहे." नव्या शाळेच्या जागेवर पाच बायका बसून गप्पा मारत होत्या. सगळा गाव त्या कागदावर उभा होता. एका मोरुलाच्या झाडाशेजारचा चौकोन तेवढा मोकळा होता, तो तुमचा.

तिसऱ्या दिवशी लेसेदीची आई उठली. तीच, शाल डोक्यावरून घेणारी, जिने लहानपणी मला तुमच्या शेळ्या सोडल्याबद्दल धुतलं होतं. म्हणाली, "पोरा, शिकलास पण प्रश्न विचारायला शिकला नाहीस. माणूस पोटामागे कुठेही राहतो. त्याला एवढंच विचार, तुझी मयत कुठल्या आवारातून निघणार?"

 मग चहूकडून उत्तरं यायला लागली, कोणी विचार करायलासुद्धा थांबलं नाही. तळावर राहणारे, शेतावर राहणारे, खाणीवर नोकरीला गेलेले, सगळ्यांना आपलं गावातलं आवार पाठ होतं. आणि तरणी माणसं? एकेक जण खाली मान घालून म्हणाला, "आईच्या आवारातून." दोन लेकरांचा बाप, तोही आईच्याच आवारातून. गावप्रमुख सेबोको सगळ्यांत शेवटी बोलले, "तीनशे सहा जणांना जगायला जागा नाही, हे आपण ऐकत होतो. यांना मरायलासुद्धा स्वतःची जागा नाही, हे आज कळलं. लिहा."

मी फॉर्मला सातवा रकाना जोडला. साहेब फोनवर कडाडले, "सरकारी कागदावर मयत? डोकं ठिकाणावर आहे का?" मी नम्रपणे विचारलं, "साहेब, तुमची कुठून निघेल?"  मग त्यांनी त्यांच्या गावाचं नाव सांगितलं, जिथे ते नाताळलासुद्धा जात नाहीत, आणि पुढे अंगणात कोणतं झाड आहे तेही सांगितलं. तासाभराने मंजुरी आली. रकान्याचं नाव तेवढं त्यांनी 'कायम वास्तव्य' असं करून घेतलं.

तर मामा, पूर्वेच्या माळावर तीनशे सहा नवे प्लॉट आले, आरोग्य केंद्र वाचलं आणि एकशे चौदावा प्लॉट चक्क कोपऱ्याचा आहे. त्या दिवशी चावडीवर कुटलेल्या मांसाचा सेस्वा शिजला आणि मी दोनदा वाढून घेतला. मी सुखात आहे, काळजी नसावी.

तुमचा,
ओलेबिले

ता.क. सगळे फॉर्म आले, एक राहिला. तुमचा. शुक्रवारपर्यंत ज्या आवाराचा फॉर्म येणार नाही ती जागा रिकामी धरून आरोग्य केंद्राच्या वाढीसाठी राखून ठेवायची, असा नियम आहे. (नियम मीच लिहिला आहे, काका. हे त्यांना सांगू नका.) सातवा रकाना चावडीवर स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो, पत्राने चालत नाही.

ता.क. दुसरा. मोत्सुमीकाका, इथून पुढचं मामांनी स्वतः वाचायचं आहे. टँकरवाल्याकडच्या तंबाखूच्या डबीत नवा चष्मा आहे, तो त्यांना द्या आणि तुम्ही जरा गुरांकडे बघून या.

ता.क. तिसरा, मोठ्या अक्षरात. मामा, चष्मा केनेइल्वेने बनवून घेतला. नंबर तुमच्या जुन्या कार्डावर सापडला. तिचे मामालोक मला विचारताहेत, तिला मागणी घालायला रीतीप्रमाणे पहाटे तुमची माणसं येतील ती कुठल्या आवारातून येतील? माझ्या प्लॉटवर अजून नुसतं गवत आहे, म्हणून मी तुमच्या आवाराचं नाव सांगून बसलो आहे. माझ्या फॉर्ममध्येही सातव्या रकान्यात तेच लिहिलं, तुम्हाला न विचारता. मी वाढलो तिथेच, दुसरं सुचलं नाही. मामी त्या फाटकातून गेल्या त्याला सात वर्षं झाली आणि तुम्ही त्यानंतर कुलूप काढलं नाही, हे मला समजतं. मलाही तिथून जाताना मान वळवावी लागते. पण मामा, त्या आवारातून पुढची निघेल ती मयत नसावी. आधी एक लग्न निघू दे.

टँकर गुरुवारी सकाळी परत फिरतो. पुढची सीट तुमच्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे. कोट आणि किल्ली विसरू नका.

(मोत्सुमीकाका, तुम्ही त्यांच्या खांद्यावरून वाचत आहातच, तर तेवढे दोन दिवस मामांची गुरं बघा.)