नावाआधीची दोन बोटं जागा

कल्याण,
चैत्र वद्य दशमी, १९५४

प्रिय सुहास,

तुझं खुशालीचं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उत्तर लगेच द्यायचा माझा नियम तुला ठाऊक आहे, आणि तो मोडला म्हणून तू काळजीत असशील. प्रकृती ठीक आहे. गुडघा दुखतो, पण तो दुखणारच. उशीर झाला तो इथल्या उन्हाळ्यामुळे. शाळेला सुट्टी लागली की मी मोकळी झाले असं सगळ्यांना वाटतं, आणि आमच्या पेठेच्या उन्हाळी समितीत मी एकटीच बाई असल्यामुळे जे काम कुणालाच नको असतं ते माझ्याकडे येतं. नगरपालिकेच्या बातम्याही घरोघर मीच पोचवते. यंदा नळाला पाणी एकच वेळ, सकाळी. पावसाळ्याआधी गटारं साफ होणार आहेत. पारनाक्याच्या अलीकडे विजेचे दोन खांब उभे राहिले, दिवे अजून यायचे आहेत. तलावावर मुलांना पोहायला शिकवतात. शाळेच्या पटांगणात व्याख्यानमाला झाली. पुण्याहून आलेले गृहस्थ नागरिकांच्या कर्तव्यांवर इतका वेळ बोलले, की पुढच्या रांगेतल्या नागरिकांनी झोपण्याचं कर्तव्य पार पाडलं.

भगिनी मंडळाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू मागच्या शुक्रवारी झालं. आंब्याची डाळ यंदा मीठ कमी पडून बिघडली, पन्हं मात्र चांगलं होतं. त्यात माझ्या हातून एक गोष्ट झाली, ती तुला सांगते, हसू नकोस. कुंकू लावून झालं, हरभऱ्यांनी ओट्या भरून झाल्या, आणि दरवर्षीप्रमाणे मी नगरपालिकेच्या सूचना वाचायला उभी राहिले. नळ सकाळी येणार हे मला पाठ होतं. मी मात्र ठणकावून सांगितलं की उद्यापासून पाणी संध्याकाळी येईल. माझ्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला निघाले, तर कोपऱ्यावरच्या नळाशी हंडे-कळशांची ही रांग, आणि बायका पदराने वारा घेत बसलेल्या. नळ कोरडा ठणठणीत. विचारलं, तर मालन म्हणाली, बाईंनी सांगितलंय म्हणजे येणारच. मालन म्हणजे आमच्या शेजारची नवी सून, फार बोलते. सकाळी पाणी येऊन गेलेलं त्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी बसून होत्या. मी त्यांना उठवलं, चूक माझी आहे म्हणून सांगितलं, आणि फिरायला न जाता घरी परत आले. तीस वर्षं वर्गात उभी राहते आहे. सकाळची संध्याकाळ कधी केली नव्हती. हे असं का झालं, त्याचं कारण आता लिहिते.

हरिहर तुला आठवत असेल. तुझ्या दादाचा विद्यार्थी, आपल्याकडे शिकवणीला यायचा आणि तुझ्या वेणीला शाई लावायचा. तो आता हरिहरराव झाला आहे, समितीचा अध्यक्ष आहे, आणि पोटही सुटलं आहे. पारनाक्याजवळ समिती यंदा पक्की पाणपोई बांधते आहे. दगडी ओटा, वर कौलं, चार रांजण. अक्षय्य तृतीयेला ती सुरू व्हायची आहे. गेल्या पंधरवड्याच्या बैठकीत हरिहरराव उठला आणि म्हणाला, या गावात पहिली पाणपोई त्र्यंबकसरांनी घातली, शिव्या खाऊन चालवली, तर हिला नाव त्यांचंच हवं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी इतिवृत्त लिहीत होते, ते लिहीत राहिले. पाणपोईला तुझ्या दादाचं नाव लागावं हे योग्यच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तेव्हा ओगराळ्याने वरून पाणी ओतायचे, आणि कुणाला किती उंचावरून ओतायचं ते जात पाहून ठरायचं. तुझ्या दादाने पितळी पेला साखळीला बांधून ठेवला आणि सगळ्यांनी त्यातूनच प्यावं म्हणाला. पहिला पेला स्वतः प्यायला, दुसरा मला दिला. त्यानंतर आपल्या घरी हळदीकुंकवाला कुणी येईना. तू लहान होतीस, तुला वाटायचं की आपली डाळच लोकांना आवडत नाही.

पण अडचण अशी की समितीचा एक नियम आहे. जिवंत माणसाचं नाव कुठल्याही सार्वजनिक गोष्टीला द्यायचं नाही. आणि तो नियम माझाच आहे, सुहास. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याला वाचनालयाच्या घड्याळावर स्वतःचं नाव घालायचं होतं, तेव्हा भांडून मी तो मंजूर करून घेतला. बैठकीत हे कुणाला आठवलं नसेल असं नाही. कुणी बोललं नाही इतकंच. बोलला तो महिपत पेंटर. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी पाटीचं काम बघायला गेले होते. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं सुरेख काढली आहेत. खाली ‘यांच्या स्मरणार्थ’, वर त्र्यंबक, मग तुझ्या वडिलांचं नाव, आडनाव. आणि त्र्यंबकच्या आधी दोन बोटं जागा कोरी. मी म्हटलं, मधेच ही जागा कसली. त्याने ब्रश तेलात बुडवला, पुसला, पुन्हा बुडवला. मग म्हणाला, “बाई, म्होरं काय काढू? श्री काढू का कै?”

मी त्याला सांगितलं, कळवते. तो म्हणाला, काहीच नाही काढलं तरी चालतंय की. मी म्हटलं, चालत नाही. पाट्या वाचून मुलं शिकतात. तेव्हापासून मला काहीच सुचत नाही. भाजी आणायला जाते आणि रिकामी पिशवी घेऊन परत येते. श्री लिहावं, तर ‘स्मरणार्थ’ खोटं आणि नियमही मोडतो. पाणपोईला त्याचं नाव लागणार नाही, आणि सगळं गाव विचारणार की श्री आहेत तर मग आहेत कुठे. कै लिहावं, तर मी लिहायचं. मी. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी ते वाचलं असतं, पण हा शब्द मला माझ्या तोंडाने महिपतला सांगायचा आहे. आणि त्याच दिवशी घरी येऊन आरशासमोर उभं राहायचं आहे. पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाची सगळी तयारी मीच करीन, सूचनाही वाचीन, फक्त ताटं फिरायला लागली की मला आत बसावं लागेल. तसं बसायला मी भिते असं समजू नकोस. ती चालच मला पटत नाही, आणि तिच्याविरुद्ध मी भाषणंही दिली आहेत. पण भाषण देणारी बाई कपाळाला कुंकू लावून उभी होती, हे या आठवड्यात प्रथमच माझ्या लक्षात आलं.

तुझा दादा घरातून गेला तो दिवस तुला कितपत आठवतो? आपण त्यावर कधी बोललो नाही. वैशाख होता. रांजणाला तडा गेला होता, म्हणून शहाडच्या कुंभाराकडे जाऊन नवीन सांगून येतो म्हणाला. डोक्याला पंचा गुंडाळला. तू ओट्यावर सागरगोटे खेळत होतीस, तुझा एक गोटा त्याने पायाने उडवला आणि तू रडलीस. मी स्वयंपाकघरातून ओरडले, की जाताना तरी पोरीला रडवू नका. बस, एवढंच. संध्याकाळी कुंभाराची बैलगाडी आली. दोन रांजण व्यवस्थित पेंढ्यात बसवलेले. कुंभार म्हणाला, मास्तर दुपारीच निघाले. रांजण मी उतरवून घेतले. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, आजार नव्हता. पोलिसांकडून तार आली नाही. नदीने काही परत दिलं नाही. किती तर्क केले लोकांनी. चळवळीत गेला, संन्यास घेतला, वाईट काहीतरी झालं. मी त्यातला एकही मानला नाही आणि एकही नाकारला नाही. दुसऱ्या दिवशी पाणपोई उघडली आणि पाऊस लागेपर्यंत चालवली.

बारा वर्षं झाली तेव्हा गुरुजी विधी करा म्हणून सांगायला आले होते. सासूबाईंनी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. तुझ्या लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून त्याचं नाव मी छापलं, श्री लावून, आणि व्याह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. सासूबाई जाताना माझा हात धरून म्हणाल्या, “विमला, पुसू नकोस हं.” तेव्हा मला वाटलं, त्यांनी मला जपलं. आता वाटतं, त्यांनी मला बसवून ठेवलं. दोन्ही खरं असेल. मी शाळेच्या हजेरीवर सौ लिहिते, समितीच्या कागदांवर सौ लिहिते, तुला पत्र लिहितानासुद्धा खाली सौ लिहीत आले. त्या एका अक्षराला मी कधी विचारलं नाही की तू कशाच्या जोरावर उभं आहेस. मुलींना मात्र शिकवते, की पुराव्याशिवाय विधान करू नये.

मालनने त्या हळदीकुंकवात हट्ट धरला की बाईंनी नाव घेतलं पाहिजे, मी दरवर्षी टाळते. बाकीच्या बायका तिला चिमटे काढत होत्या, गप्प बस म्हणून. ती कसली बसते. म्हणाली, आमचे हे तर समोर बसलेले असतात, तरी मी घेते. तुमचे नाहीत तर तुम्हाला कशाला लाज वाटायची. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट क्षणभर घ्यावं असं वाटलं, आणि तोंड उघडलं, तर नाव येईना. त्र्यंबक हा शब्द मी बैठकीत ऐकला होता, पाटीवर वाचला होता, आता इथे लिहितेही आहे. पण तोंडात आला नाही. मग मी सूचना वाचायला घेतल्या आणि पाणी संध्याकाळी येईल म्हणून सांगितलं.

तुला वाटेल, वहिनीला सल्ला हवा आहे. सल्ला नको. गेल्या दिवाळीत गुडघ्याच्या औषधासाठी मी तुझ्याकडे नाशकात राहिले, त्या भाऊबीजेबद्दल लिहायचं होतं, म्हणून इतकी पानं लिहिली. तो गेल्यापासून दर भाऊबीजेला तू चंद्राला ओवाळत आलीस. आमच्याकडे होतीस तेव्हा ओट्यावरून, सासरी गेल्यावर गच्चीवरून. एकही वर्ष चुकवलं नाहीस. त्या संध्याकाळी मी गच्चीवर तुझी वाट पाहिली. तू आली नाहीस. खाली आले, तर तू तबकापुढे बसली होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, “वहिनी, आज चंद्र दिसत नाही.” मी बरं म्हटलं. त्या तबकात निरांजन होतं. त्याची वात कोरी होती की जळून विझलेली, हे एका नजरेत कळलं असतं. मी बघितलं नाही, जेवणाची पानं घ्यायला आत गेले. तेव्हापासून माझ्यापुढे दोनच अर्थ आहेत. एक तर ओवाळायला भाऊ उरला नाही असं तुला कळलं आहे, किंवा त्या दिवशी तू त्यालाच ओवाळून आली होतीस आणि चंद्राची गरज उरली नव्हती. कोणता अर्थ मला हवा आहे, हे मी स्वतःला रोज विचारते आणि रोज निराळं उत्तर येतं. तू कुणाला वचन दिलं असशील तर ते मोडू नकोस. मला गाव नको, पत्ता नको, कारण तर अजिबात नको. मला सांभाळण्यासाठी गप्प राहिली असशील, तर माझं सांभाळून झालं आहे असं समज. अक्षय्य तृतीयेच्या आत महिपतला ती दोन बोटं भरायची आहेत. एका कार्डावर एकच अक्षर लिहून पाठव, श्री किंवा कै. दुसरं काही लिहू नकोस. आभाळ त्या दिवशी स्वच्छ होतं, सुहास. कोर चांगली दिसत होती, मी मावळेपर्यंत पाहिली.

तुझीच वहिनी,
विमला