टिंग झाल्यावर बोलायचं नाही

१७ नोव्हेंबर १९९३, बुधवार

ओव्हन आला. लेक-जावई दिवाळी आटोपून दीपनगरला परत जाताना ओट्यावर ठेवून गेले. जावयांच्या ओळखीच्या कुणीतरी मस्कतहून आणलेला आहे. आत पंखा आहे. पंखा गरम हवा फिरवतो आणि तेलाशिवाय सगळं खरपूस होतं, असं पुस्तिकेत म्हटलं आहे. पुस्तिका इंग्रजीत आहे, म्हणजे मला अडचण नाही. शेवटी कॉन्व्हेंटचं शिक्षण इथे उपयोगी पडलं.

वेळ लावली की काटा फिरत शून्यावर येतो आणि टिंग वाजतं. अगदी आमच्या बोर्डिंगच्या जेवणघरातली घंटा. सिस्टर अ‍ॅग्नेस ती वाजवायच्या, आणि मग पान संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलायचा नाही. चाळीस मुली आणि फक्त चमच्यांचा आवाज. किती शांत वाटायचं. आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

ऑगस्टमध्ये ह्यांना अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, तेल-तूप बंद करा, दुसरा झटका हृदय सोसणार नाही. शिंदखेड्याकडच्या माणसाचं तेल बंद करायचं! ह्यांच्याकडच्या माणसांत भाजीवर तवंग नसला तर पाहुणा समजतो की आपण नकोसे झालो. गेले तीन महिने मी उकडलेलं देते आहे आणि हे ताटाकडे बघत बसतात. आता तो प्रश्न मिटला. उद्यापासून रोजचा सगळा स्वयंपाक ओव्हनमध्ये.

१८ नोव्हेंबर

प्लग बसला नाही. मस्कतच्या पिना चौकोनी असतात. वायरमन येऊन बदलून गेला. बटण दाबताच मेन फ्यूज उडाला. उद्यापासून.

२० नोव्हेंबर, शनिवार

पहिला दिवस. ज्वारीची भाकरी केली. पुस्तिकेत भाकरी नाही, म्हणून पिझ्झाच्या पानावरून अंदाज घेतला. भाकरी वाजते. पण वाजणारी भाकरी दातांना चांगली. भेंडी मात्र उत्तम झाली, जरा काळपट.

ह्यांनी सगळं खाल्लं. एक शब्द बोलले नाहीत. मी टिंग झाल्याबरोबर ठरवून टाकलं की आता आपणही जेवताना बोलायचं नाही. पचन सुधारतं, आणि हृदयावर ताण येत नाही. मी स्वतः बसले नाही. ओव्हनपाशी उभी राहून ते काय खातात, किती चावतात, यावर लक्ष ठेवलं. बसून ते जमत नाही.

२५ नोव्हेंबर

अक्का आल्या होत्या. यशोदाबाई, ह्यांची मोठी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. ओव्हनच्या काचेतून आत डोकावून म्हणाल्या, "कुमुद, ह्या पेटीम्हा भाजेल भाकर माणूस खास का ढोर?" मी हसले. माणूस खातो की ढोर, त्यांना काय सांगणार.

अटॅकचं त्यांना सांगितलेलं नाही. त्यांचे यजमान भरल्या ताटावरून असेच गेले. तेव्हापासून छातीत दुखलं एवढं कुणी म्हटलं तरी त्यांचे हातपाय गार पडतात. आम्ही सांगितलं, अ‍ॅसिडिटी झाली, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. हे म्हणाले, नकोच सांगू. मलाही ते बरं वाटलं. नाहीतर अक्का उठून स्वयंपाकघराचा ताबा घेतील आणि माझी शिस्त मोडेल.

२८ नोव्हेंबर, रविवार

ह्यांचा उत्साह वाढला आहे. सकाळी जेवणाआधी पांझरा नदीच्या काठाने फिरायला जातात. पूर्वी अर्ध्या तासात येत, आता दीड तास लागतो. मी म्हटलं, दमू नका. म्हणाले, छान वाटतं. हा ओव्हनचाच परिणाम.

घरी आल्यावर अर्धी भाकरी खातात. भूक आटोक्यात आली.

३ डिसेंबर

ह्यांना स्टेशनवरच्या वजनकाट्यावर उभं केलं. वजन वाढलं आहे. स्वेटर होता, शिवाय खिशात किल्ल्या.

८ डिसेंबर, बुधवार

मफलर धुवायला घेतला तर धुराचा वास. आधी वाटलं बिडी ओढतात. नीट हुंगलं. काड्यांचा धूर आणि फोडणीतला लसूण. नदीकाठी लोक पाला जाळतात. बिडी नाही, देवाची कृपा.

११ डिसेंबर

वरण-बट्टी केली. बट्ट्या फुगत होत्या, तेवढ्यात वीज गेली. काटा फिरत राहिला आणि कच्च्या बट्ट्यांवर टिंग वाजलं. लेकीला पत्रात लिहिलं की बट्टी बिघडली ती विजेमुळे. तिच्या दीपनगरला दिवे जात नाहीत. वीज तिकडे तयार होते आणि अंधार आमच्याकडे पाठवतात.

वीज आल्यावर पुन्हा भाजल्या. बट्टी तुपाशिवाय घशाखाली उतरत नाही, म्हणून ह्यांच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवला. हे काहीतरी सांगायला लागले, कॉलनीतल्या कुणाबद्दल तरी. मी ओठांवर बोट ठेवलं. ते थांबले. समजूतदार आहेत.

१४ डिसेंबर, मंगळवार

रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल ऑगस्टपेक्षा जास्त. डॉक्टरांनी मलाच विचारलं की घरी काय चाललं आहे. मी ओव्हनचं सांगितलं. ते ह्यांच्याकडे बघत राहिले आणि हे खिडकीकडे.

लॅबमध्ये बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. गर्दी किती असते. पुन्हा तपासायला हवं.

मन मात्र थाऱ्यावर नाही. दुपारी हे झोपले असताना दोनदा छातीवर हात ठेवून पाहिला. श्वास चालू होता. उद्यापासून तापमान दहाने वाढवीन.

१९ डिसेंबर, रविवार. चंपाषष्ठी

आज लिहायला हात उठत नाही.

चातुर्मासात बंद असलेली वांगी आज खायची. आमच्याकडे भरिताशिवाय चंपाषष्ठी होत नाही. वांगी शेतात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, काड्यांवर भाजायची असतात हे मला ठाऊक आहे, पण मी ठरवलं की ओव्हनमध्ये, बिनतेलाचं. मोठी हिरवी वांगी पुसून तशीच आत ठेवली. टोचून घ्यावी लागतात, हे पुस्तिकेच्या त्या पानावर नव्हतं. दहा मिनिटांत एकामागून एक फुटली. काचेवर, पंख्यावर, सगळीकडे वांगी. पंखा ती फिरवत होता.

मी पुसत होते, तेव्हा अक्का मोठा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. भरीत. वर बोटभर तेल, त्यात मिरची आणि दाणे. हे खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

मी म्हटलं, अक्का, ह्यांना हे चालत नाही. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, कालपर्यंत तर चालत होतं. मग सगळं बाहेर आलं. रोज सकाळी हे फिरायला म्हणून निघतात आणि अक्कांच्या परसात चुलीपुढे बसतात. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, तेलातला ठेचा, शेवेची भाजी. भाऊबीजेपासून एक दिवस चुकला नाही. "मना भाऊ तुना घरमा उपाशी ऱ्हास," म्हणाल्या, "मी काय देखत बसू?"

तेव्हा मला राहवलं नाही. सांगून टाकलं. अ‍ॅसिडिटी नव्हती, अटॅक होता.

अक्का पाटावर बसल्या. मग एवढंच म्हणाल्या, "माले काबर नही सांगं? मी मना हाते मना भाऊले रोज तेल पाजं."

डबा तसाच ठेवून गेल्या. चपला घालायलाही विसरल्या.

२० डिसेंबर

अक्का आल्या नाहीत. ह्यांना म्हटलं, मला फसवलंत. जीव जाईल हे ठाऊक असून भाकरीसाठी जात होतात. हे म्हणाले, "भाकरीसाठी नव्हतो जात."

म्हणजे शेवेच्या भाजीसाठी. मलाही तेच वाटलं होतं. ओव्हनमध्ये शेव कशी करायची, लेकीला विचारायला हवं.

दुपारी हे स्वतःच अक्कांच्या चपला घेऊन त्यांच्याकडे गेले. लगेच परत आले. दार उघडलं नाही म्हणाले. जेवले नाहीत. मी वेळ लावली, टिंग वाजलं, ताट तसंच राहिलं.

२१ डिसेंबर

आज मी गेले. दाराबाहेरूनच सांगितलं, अक्का, ते कालपासून जेवले नाहीत, मला काही सुचत नाही. आतून कडी निघाली.

२२ डिसेंबर, बुधवार

अक्का सकाळीच आल्या. ओव्हनकडे पाहिलंही नाही. गॅसवर दुधी ठेवला. तेलाचा थेंब नाही, मीठ चिमूटभर. तेलाशिवाय करायची सवय नाही, भाजी खाली लागली. मी चमच्यावर घेऊन चाखली. खरं सांगायचं तर माझ्या भाजीहून वाईट होती. जळकी आणि अळणी. जरा बरंही वाटलं. म्हटलं, आता ह्यांना कळेल.

ह्यांनी दोनदा मागून घेतली.

अक्का समोर पाट घेऊन बसल्या होत्या आणि जे बोलत होत्या ते थांबतच नव्हत्या. गावाकडच्या चुडामणची म्हैस दोंडाईच्याच्या बाजारातून सुटली आणि थेट स्टेशनात शिरून बाकाजवळ बसली, स्टेशनमास्तर तिला हाकलायला गेला तर त्याचीच टोपी चावली, असं काहीतरी. हे हसले. घास तोंडात असताना, डोळे मिटून हसले. ऑगस्टपासून तो आवाज मी ऐकला नव्हता. मी ओव्हनच्या खटक्यावर हात ठेवून उभी होते. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, बस ना ओ. मी म्हटलं, माझं चालू आहे. काहीच चालू नव्हतं. ओव्हन बंद होता.

दुपारी तो आतून पुसून काढला आणि पापड भरून ठेवले. हवा लागत नाही.

उद्यापासून मीही ह्यांच्या समोर ताट घेऊन बसणार. अक्का रोज येणार नाहीत. काय बोलायचं, याचा दुपारपासून विचार करते आहे. अजून काही सुचलेलं नाही.